मनगटावरची रोजकीर्द
(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित आरोग्यविषयक व्याख्यानाची संहिता)



व्यापारी घरातील मुलाला एक गोष्ट कोणी मुद्दाम शिकवावी लागत नाही. वर्षअखेरीच्या ताळेबंदावरून दुकान तरले की बुडाले एवढेच समजते. पैसा कोणत्या महिन्यात, कोणत्या मालात आणि कोणाच्या उधारीत अडकला हे जाणून घ्यायचे, तर रोजकीर्द उघडावी लागते. जो व्यापारी रोजकीर्द ठेवत नाही त्याला स्मरणशक्तीवर विसंबावे लागते आणि स्मरणशक्ती बहुधा शेवटच्या आठवड्याचीच साक्ष देते. आजच्या व्याख्यानाचा विषय वैद्यकशास्त्रातील असला तरी त्याचे सूत्र याच अनुभवात सामावलेले आहे. मज्जासंस्थेचे काही दीर्घकालीन विकार असे आहेत, की त्यांचा ताळेबंद डॉक्टरांच्या टेबलावर मांडला जातो. मात्र रोजचा जमाखर्च घरात, स्वयंपाकघर ते न्हाणीघर या चार पावलांच्या वाटेवर घडत असतो. हा जमाखर्च टिपण्याचे काम गेल्या काही वर्षांत अंगावर बाळगण्याच्या छोट्या उपकरणांनी हाती घेतले आहे. ती उपकरणे काय करू शकतात, काय करू शकत नाहीत आणि त्यांनी लिहिलेली वही कोणी, कशी वाचावी, एवढ्यापुरताच हा विचार मर्यादित आहे. त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते पार्किन्सन या आजाराचे, ज्याचे वर्णन आयुर्वेदात कंपवात या नावाने आढळते.

1817 साली लंडनमधील जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने या आजारावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात अवघ्या सहा रुग्णांचे वर्णन आहे आणि विशेष म्हणजे त्यांपैकी काही जण त्याला रस्त्यावर दिसलेले होते. पुढे झुकलेली मान, अंगाशी धरलेले हात, लहान लहान आणि घाईची पावले हे सारे त्याने चालत्या माणसाकडे पाहून टिपले. थोडक्यात, या आजाराचे पहिले निरीक्षण निम्म्याहून कमी दवाखान्यात नसले तरी काही अंशी तरी भर रस्त्यात झाले. पुढे त्याचेच नाव या आजाराला मिळाले. 11 एप्रिल हा त्याचा जन्मदिवस जगभर पार्किन्सन दिन म्हणून पाळला जातो.

या आजारात मेंदूच्या एका लहानशा भागातील पेशी हळूहळू नाश पावतात. या पेशी डोपामिन नावाचे रसायन निर्माण करतात. हालचाल सुरू करणे, ती ओघवती ठेवणे आणि योग्य वेळी थांबवणे यांसाठी ते रसायन आवश्यक असते. डोपामिनचे हे महत्त्व स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात दाखवून दिले आणि 2000 साली त्यांना नोबेल पारितोषिकात सहभाग मिळाला. 1960 च्या दशकात लेव्होडोपा हे औषध रुग्णांपर्यंत पोहोचले आणि खुर्चीला खिळलेली माणसे उठून चालू लागली. हे द्रव्य खाजकुइलीच्या बियांतही असते. 1937 साली मद्रासच्या संशोधकांनी ते त्या बियांतून वेगळे काढले होते. अर्थात, म्हणून खाजकुइलीचे चूर्ण मनाने घेणे योग्य नव्हे. त्यातील औषधाचे प्रमाण निश्चित नसते आणि चालू गोळ्यांवर त्याची भर पडली तर अपाय होऊ शकतो.

लेव्होडोपाची खरी अडचण काळाची आहे. रक्तातील त्याचे प्रमाण साधारण दीड तासात निम्म्यावर येते. आजाराच्या प्रारंभीच्या वर्षांत मेंदूच्या उरलेल्या पेशी औषधाचा साठा करून ठेवतात, म्हणून दिवसातून तीन गोळ्यांवर सारा दिवस सुखाने जातो. काही वर्षांनी हा साठा करण्याची शक्ती घटते. मग गोळी घेतल्यावर अर्ध्यापाऊण तासाने अंग मोकळे होते, दोनतीन तास बरे जातात आणि पुढच्या गोळीची वेळ येण्यापूर्वीच हातपाय पुन्हा जड होतात. रुग्णांच्या बोलण्यात या दोन अवस्थांना ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ अशीच नावे रूढ झाली आहेत. औषध अधिक झाले तर अंग नकोसे वळवळू लागते, कमी झाले तर पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. या दोहोंमधली वाट वर्षागणिक अरुंद होत जाते. ती सापडण्यासाठी मात्रा किती हे जसे पाहावे लागते, तसेच कोणत्या घटकेला काय झाले हेही जाणून घ्यावे लागते.

नेमके इथेच दवाखाना तोकडा पडतो. रुग्ण तीन किंवा सहा महिन्यांतून एकदा येतो. भेट दहापंधरा मिनिटांची असते. त्या दिवशी त्याने वेळेवर गोळी घेतलेली असते, स्वच्छ कपडे घातलेले असतात, शिवाय डॉक्टरांसमोर चालताना तो मन एकाग्र करून चालतो. लक्षपूर्वक चालले की या आजारात पावले खरोखरच बरी पडतात, हे वैद्यकीय सत्य आहे. डॉक्टर विचारतात, “कसे काय चालले आहे?” रुग्ण सांगतो, “ठीक आहे.” शेजारी बसलेली पत्नी काहीतरी बोलू पाहते, पण तोवर पुढच्या रुग्णाला हाक गेलेली असते. पहाटे चार वाजता कूस बदलता न आल्याने तिला उठावे लागते, दाराच्या उंबऱ्याशी त्यांची पावले थिजतात, दुपारी जेवणानंतर दोन तास ते गप्प बसून असतात, यांतले काहीही त्या केसपेपरवर उमटत नाही. कोणी खोटे बोललेले नसते. फक्त रोजकीर्द नसल्यामुळे ताळेबंद अपुरा राहिलेला असतो.

ही उणीव भरून काढण्याच्या प्रयत्नातून अंगावरची उपकरणे पुढे आली. त्यांचे मूळ तत्त्व समजण्यास अवघड नाही. मोबाईल आडवा धरला की पडद्यावरचे चित्र आपोआप आडवे होते. मोबाईलमधील एक सूक्ष्म भाग गती आणि कल ओळखतो म्हणून हे घडते. त्यालाच ॲक्सिलरोमीटर म्हणतात. तोच भाग मनगटावरच्या पट्ट्यात बसवला, की हाताची प्रत्येक हालचाल सेकंदाला अनेक वेळा आकड्यांत नोंदली जाते. पार्किन्सनचा कंप बहुधा सेकंदाला 4 ते 6 वेळा होतो आणि हात स्वस्थ असताना अधिक दिसतो. औषधाच्या अतिरेकाने होणारी वळवळ त्याहून संथ व अनियमित असते. हालचाल मंदावली की तिचा वेग आणि झेप दोन्ही घटतात. हे भेद संगणकाला शिकवले, तर तो आकड्यांच्या राशीतून कंप, मंदपणा आणि वळवळ वेगळे काढू शकतो.

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे विकसित झालेले कायनेटिग्राफ हे या प्रकारातील परिचित उपकरण. दिसायला ते घड्याळासारखेच. रुग्णाने ते आठवडाभर मनगटावर बांधायचे. गोळीची वेळ झाली की ते थरथरते आणि गोळी घेतल्यावर त्याला अंगठा लावून पोच द्यायची. आठवड्यानंतर डॉक्टरांच्या हाती एक आलेख येतो. त्यात दिवसाचे तास, गोळीच्या वेळा आणि त्या प्रत्येक वेळेनंतर अंग कधी मोकळे झाले, कधी जड झाले याच्या रेषा असतात. गोळी दोन तास उशिरा घेतली गेली, हेही त्यात लपत नाही. 2022 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ॲपलच्या घड्याळातील नोंदींवर चालणाऱ्या स्ट्राइव्ह-पीडी या ॲपलाही मान्यता दिली. अपस्माराच्या क्षेत्रात 2018 साली त्याच प्रशासनाने एम्ब्रेस या मनगटी पट्ट्याला मान्यता दिली. हाताचे विशिष्ट झटके आणि त्वचेवरील घामामुळे होणारे सूक्ष्म विद्युत बदल यांवरून मोठी आकडी ओळखून तो घरच्यांच्या मोबाईलवर सूचना पाठवतो. रात्री एकट्या झोपणाऱ्या रुग्णाच्या आईवडिलांसाठी अशा सूचनेचे मोल काय असेल, हे निराळे सांगायला नको.

काही उपकरणे तर नोंदीच्या पुढे गेली आहेत. 1987 साली फ्रान्समधील ग्रेनोबल येथे डॉ. बेनाबिद व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूत खोलवर बारीक तार बसवून विजेच्या स्पंदनांनी कंप आवरण्याची आधुनिक पद्धती रुजवली. दीर्घकाळ ही स्पंदने एकाच ठरावीक जोराने दिली जात. नव्या यंत्रांत तीच तार मेंदूतील लहरी ऐकते आणि त्यानुसार जोर कमीअधिक करते. अशा स्वयंनियंत्रित पद्धतीला 2025 साली युरोप व अमेरिका या दोन्ही ठिकाणी मान्यता मिळाली. म्हणजे नोंद ठेवणारा मुनीम आणि व्यवहार करणारा मालक येथे एकच झाला. मात्र ही शस्त्रक्रिया निवडक रुग्णांसाठीच आहे आणि ती आजार समूळ बरा करत नाही.

याहून विचार करायला लावणारी गोष्ट ब्रिटनमध्ये घडली. तेथील यूके बायोबँक या प्रकल्पात एक लाखाहून अधिक लोकांनी एक आठवडाभर मनगटावर गतिमापक बांधला होता. 2023 साली कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या जुन्या नोंदी तपासल्या. ज्यांना पुढे पार्किन्सन झाला त्यांच्या हालचालींचा वेग, निदानाच्या कित्येक वर्षे आधीच मंदावलेला आढळला. काहींच्या बाबतीत हे अंतर सात वर्षांपर्यंत होते. हे संशोधन अजून रोजच्या तपासणीचे साधन झालेले नाही. बाजारातील साधे घड्याळ पाहून स्वतःला आजारी ठरवणे, किंवा निरोगी ठरवणे, दोन्ही चुकीचे. तथापि, घरातील माणूस हळू चालू लागला, अक्षर बारीक झाले, एक हात चालताना हलेनासा झाला, वास येईनासा झाला, तर “वय झाले” असे म्हणून ते सोडून देऊ नये, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येतो.

आता या मनगटी रोजकीर्दीच्या मर्यादा. पहिली मर्यादा अशी, की ती हात पाहते, माणूस पाहत नाही. आरतीच्या वेळी वाजवलेल्या टाळ्या, कणीक मळणे किंवा खडबडीत रस्त्यावरचा रिक्षाप्रवास यांनी ती फसू शकते. उदासपणा, बद्धकोष्ठता, खोल गेलेला आवाज, भास होणे यांची तिला दादही नसते. वास्तविक अनेक रुग्णांना कंपापेक्षा याच गोष्टी अधिक छळतात. दुसरी मर्यादा खर्चाची. वैद्यकीय दर्जाची उपकरणे बहुसंख्य कुटुंबांना सहज परवडणारी नाहीत आणि सर्वत्र मिळतही नाहीत. तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची. कीर्द कितीही चोख असली तरी ती वाचणारा हवा. आलेख पाहून औषधाची वेळ बदलणारा डॉक्टर आणि ती बदललेली वेळ पाळणारे घर नसेल, तर मनगटावर केवळ एक महागडा दागिना उरतो.

घराचा उल्लेख आला म्हणून समाजाशी थेट निगडित असलेला एक प्रश्न येथे मांडणे अगत्याचे आहे. अनेक घरांतील वडीलधारी मंडळी आयुष्यभर चौविहार करतात. सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत आणि सकाळी नवकारशीचे पच्चक्खाण पाळतात. थंडीच्या दिवसांत महाराष्ट्रात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सातच्या सुमारास उगवतो. त्यावर नवकारशीच्या 48 मिनिटांची भर घातली, तर शेवटच्या गोळीपासून पहिल्या गोळीपर्यंत जवळजवळ चौदा तासांचे अंतर पडते. दीड तासात निम्मे होणाऱ्या औषधाच्या दृष्टीने हा काळ फार मोठा आहे. रात्री कूस बदलता न येणे, पहाटे पायांत गोळे येणे, उठताना तोल जाणे यांचे मूळ पुष्कळदा या रिकाम्या तासांत असते. उपवासाच्या दिवशी पाणी कमी पडले, तर उभे राहताना रक्तदाब घसरून पडण्याचा धोका वाढतो. औषध अचानक पूर्ण बंद केल्यास तीव्र ताप आणि अंग ताठरणे यांसारखी जिवावर बेतणारी स्थितीही उद्भवू शकते. याउलट, दूध, पनीर, डाळी यांतील प्रथिने गोळीबरोबरच पोटात गेली तर ती औषधाच्या शोषणाच्या आड येतात. म्हणून सूर्यास्तापूर्वी घाईघाईने जेवण आणि गोळी एकत्र घेण्याने गोळीचा गुणही उणावू शकतो.

या बाबतीत घरातील तरुणांनी वडिलांच्या नियमांची थट्टा करू नये आणि वडिलांनीही आजार लपवून नियम ओढू नये. पच्चक्खाणामध्येही साधकाच्या समाधीसाठी आगार, म्हणजे सवलती, ठेवलेल्या आहेत, हे जाणकारांना ठाऊक आहे. काय घ्यावे आणि काय सोडावे याचा निर्णय गुरुमहाराजांच्या मार्गदर्शनाने व्हावा. त्याच वेळी दिवसाचे खरे वेळापत्रक मज्जाविकारतज्ज्ञांसमोर मोकळेपणाने मांडावे. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या किंवा दीर्घकाळ काम करणारी अन्य औषधे यांच्या साहाय्याने काही मार्ग निघू शकतो. परंतु डॉक्टरांना चौविहाराची कल्पनाच नसेल, तर ते रात्री नऊची गोळी लिहून देतील, घरी ती घेतली जाणार नाही आणि पुढच्या भेटीत औषध लागू पडत नाही म्हणून मात्रा वाढवली जाईल. ही चूक कोणत्याही यंत्राने घडवलेली नाही. ती मौनाने घडवलेली आहे.

दुसरा प्रश्न या नोंदींच्या मालकीचा. कोणताही व्यापारी आपली कीर्द दुकानाच्या पायरीवर उघडी टाकून जात नाही. मनगटावरची कीर्द मात्र मोबाईलमधून कंपनीच्या दूरच्या संगणकावर जाते. ती कोण पाहतो, किती काळ ठेवतो आणि कोणाला देतो हे विचारण्याचा हक्क रुग्णाला आहे. भारतात 2023 साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला, त्याच्या मुळाशी हीच संमतीची कल्पना आहे. ॲप सुरू करताना घाईने ‘मान्य आहे’ यावर बोट ठेवण्यापूर्वी घरातील जाणत्या व्यक्तीने ते वाचून घ्यावे.

ही संमती घरातही लागते. परदेशी असलेला मुलगा मोबाईलवर वडिलांची पावले मोजतो आणि रात्री फोन करून विचारतो, “बाबा, आज फक्त आठशेच पावले?” त्यामागे काळजीच असते, यात शंका नाही. पण ऐकणाऱ्याला ती हजेरीपटावरची लाल शाई वाटते. काही दिवसांनी ते घड्याळ टेबलावरच राहू लागते. काढून ठेवलेले घड्याळ हीसुद्धा एक नोंदच आहे आणि ती वाचता यायला हवी. ज्याने चाळीस वर्षे दुकान चालवले, घर उभे केले, त्याला आयुष्याच्या उत्तरार्धात आपण तपासणीखाली आहोत असे वाटू नये. आठशे पावलांविषयी विचारण्याऐवजी “आज दुपार कशी गेली?” असे विचारले, तर तीच माहिती मिळते आणि माणूसही मिळतो.

ज्यांच्याकडे कोणतेही उपकरण नाही, त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. उपकरणामागचे तत्त्व साध्या वहीतही उतरते. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी तीन दिवस एका पानावर तासांचे रकाने आखावेत. गोळी कधी घेतली, जेवण कधी झाले, अंग मोकळे कधी, जड कधी, झोप कधी, पडणे-अडखळणे कधी, एवढेच त्यात भरावे. ‘ऑफ’ अवस्थेतील चालण्याचे, खुर्चीतून उठण्याचे एखाद्या मिनिटाचे चित्रण, रुग्णाच्या संमतीने, मोबाईलवर करून डॉक्टरांना दाखवावे. दवाखान्यात जे दिसत नाही ते त्यात दिसते. 2020 साली केंद्र सरकारने दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यामुळे तालुक्याच्या गावी राहणाऱ्या रुग्णाला दोन भेटींच्या मधल्या काळात तज्ज्ञांशी बोलणे सुलभ झाले आहे. गोळ्यांसाठी मोबाईलचा गजर लावावा. पाय थिजतात तेथे जमिनीवर ठळक रंगाच्या आडव्या पट्ट्या चिकटवाव्यात. ती रेघ ओलांडण्याच्या निमित्ताने थांबलेले पाऊल पुष्कळदा सुटते. एका ठेक्यात मोजलेले आकडे किंवा वाजवलेली टाळीही तेच काम करते. सैल पायपुसणी उचलावीत, न्हाणीघरात धरण्यासाठी दांडी बसवावी. मुंबईत 2001 साली स्थापन झालेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आणि पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळ यांसारख्या संस्था रुग्ण आणि शुभंकर कुटुंबीय यांना एकत्र आणतात. समदुःखी माणसांत बसल्याने जो धीर येतो तो कोणत्याही पडद्यावर उमटत नाही.

शेवटी एकच गोष्ट लक्षात ठेवावी. जेम्स पार्किन्सनपाशी ना गती टिपणारे घड्याळ होते ना संगणक. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसाकडे तो थांबून पाहत राहिला, म्हणून त्याला ते दिसले जे इतरांच्या नजरेतून निसटले होते. दोनशे वर्षांनंतर तेच पाहणे मनगटावरच्या यंत्राने अखंड आणि अचूक केले आहे, ही आनंदाचीच बाब आहे. पण यंत्राने टिपलेले पान उलटणारा हात घरातल्याच कुणाचा तरी असावा लागतो. ज्या घरात आजारी माणसाला रोज एकदा शेजारी बसून विचारले जाते आणि तो सांगतो ते पूर्ण ऐकून घेतले जाते, त्या घराची रोजकीर्द अपुरी राहत नाही.